एनॉकची नवी नोकरी

एनॉक ग्रीनवुड बायकोचा एप्रन बांधून कपडे पिळायच्या यंत्राची मूठ फिरवत होता, आणि अख्खी गल्ली खिडकीला नाक लावून बघत होती. मैदानात ज्याच्या अंगावर जायला भलेभले बिचकत, तो गडी ओल्या चादरींपुढे घामाघूम झाला होता.

उद्या चषकाचा अंतिम सामना. उत्तर इंग्लंडमधली नवी रग्बी संघटना खेळाडूंना पैसे देई, पण अट कडक होती. त्या आठवड्यात खरी नोकरी केली नसेल, तर शनिवारी मैदान बंद. एनॉकच्या गिरणीचा मुकादम नेमका समोरच्या संघाचा भक्त निघाला. त्याने सोमवारीच काहीतरी खुसपट काढून एनॉकला घरी पाठवलं. मुकादमाशी वाकडं नको म्हणून गावात कुणी त्याला दारात उभं करेना. शेवटी बायकोनेच, झिलाने, आपल्या धुलाईच्या धंद्यात त्याला कामावर घेतलं.

दुपारी संघटनेचे तपासनीस अकरॉइड आले. सगळं बघून त्यांनी मान हलवली. बायकोला घरात मदत करणं ही काही नोकरी नव्हे, म्हणाले. पस्तिशी उलटलेल्या एनॉकला असा सामना पुन्हा मिळणार नव्हता.

झिलाने हात पुसले.

"हे काम नव्हे? मग लग्न झाल्यापासून मी इथे काय करतेय, साहेब? या, तुम्हीच जरा मूठ फिरवून बघा."

खिडकीतल्या बायका खिदळल्या. अकरॉइडनी कोट काढला आणि मूठ धरली. एक चादर अर्धी पिळून होईतो त्यांना धाप लागली. त्यांनी मुकाट्याने कोट चढवला आणि नोकरी अगदी खरी असल्याचं जाहीर केलं.

एनॉकने एप्रन भिरकावला आणि टोपी घालून तो दोस्तांना सांगायला निघाला.

"कुठे चाललास?" झिला म्हणाली. "उद्या शनिवार. धुतलेले कपडे घरोघर पोचवायचे असतात. नोकरी खरी आहे ना?"

एनॉकने आशेने अकरॉइडकडे पाहिलं. नोकरी म्हटली की मालकाची परवानगी आलीच, असं ते पुटपुटले आणि छताकडे बघत राहिले.

इतक्या वर्षांत एनॉकने शनिवारी खेळायला जाताना बायकोला कधी विचारलंसुद्धा नव्हतं. त्याने हळूच टोपी काढली.

"मालकीणबाई, उद्या अर्ध्या दिवसाची रजा मिळेल का?"

"आधी एवढ्या चादरी पिळून काढ," झिला म्हणाली. "मग बघते."