कुरळीचं मशीन

"हे मशीन मी ओळखतो," नवरा म्हणाला, आणि आरामखुर्चीचा भाव विचारायला पुढे निघालेली त्याची बायको जागच्या जागी थांबली.

जुन्या सामानाचं दुकान होतं. एका टेबलावर काळा टाइपरायटर धूळ खात पडला होता. त्याची पाठ गिऱ्हाइकांकडे होती.

"ओळखत असाल तर उपकार होतील, साहेब," दुकानदार म्हणाला. "कंपनीचं नाव पार पुसून गेलंय. गिऱ्हाईक येतं, कंपनी विचारतं, आणि मी आपला हसून वेळ मारून नेतो."

"कंपनी मलाही ठाऊक नाही. पण हे आमच्या ऑफिसातलं. ही दांडी बघा. ओळ संपली की ओढायची ती. सगळ्या मशीनांना डावीकडे असते, ह्याला उजवीकडे. दोन्ही बाजूंना काचा. आणि मागे ही घंटी दिसते ना, ती मूळची नाही. मूळची फुटली तेव्हा मेकॅनिकने सायकलच्या घंटीची वाटी बसवली होती. वाजवून बघा."

दुकानदाराने पेन्सिलीने वाजवली. सायकलच!

"अहो, मला तर बाजूला व्हावंसं वाटलं," म्हणत तो पोट धरून हसला. नवराही हसला. बायकोला मात्र हसू आलं नाही. कुरळीचं मशीन आहे हे तिला घंटी वाजायच्या आधीच कळलं होतं.

त्या ऑफिसात ती आणि कुरळ्या केसांची म्हणून कुरळी, अशा दोघी टायपिस्ट होत्या आणि हा कारकून. त्याचं टेबल मधोमध, त्याच्या समोर कुरळी तोंड करून बसायची आणि त्याच्या पाठीमागे ही. त्यामुळे हिच्या वाट्याला आली ती त्याची मान. आणि ती मान सदा न कदा फायलींच्या ढिगावरून वर काढलेली, कुरळीच्या टेबलाकडे. ऑफिसने त्याचं नावच जिराफ ठेवलं होतं. पुढे कुरळी लग्न करून परगावी गेली आणि पाठोपाठ जिराफाने हिला मागणी घातली. हिने हो म्हटलं, कारण तो तिला आवडायचा. आवडायचा म्हणूनच तिने कधी काही विचारलं नाही. संसार चांगला झाला, मुलं मार्गी लागली, माणूसही कधी वाकड्यात शिरला नाही. पण आपण उरलेल्यातल्या, हे काही तिच्या मनातून जाईना. कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच कधीतरी ते टोचायचं.

"काचासुद्धा लक्षात आहेत," ती म्हणाली. "आणि माझं मशीन कसं होतं हो?"

नवऱ्याने डोकं खाजवलं. "तुझं... काळं होतं."

"सगळीच काळी होती."

"हो, म्हणजे तुझंही काळंच होतं."

दुकानदाराला वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळलं. त्याने घाईघाईने विषय बदलला. "साहेब, ही एक कळ तेवढी लाल का आहे?"

"लाल?" नवरा वाकून, वळसा घालून बघायला लागला. "अरेच्चा, खरंच की. आणि दांडीही इकडून डावीकडेच! ही बाजू मी आज पहिल्यांदाच बघतोय. माझ्याकडे ह्याची पाठ असायची."

"पाठ असायची, पण बघत होतात वरून," बायको म्हणाली. इतक्या वर्षांचं दाबून ठेवलेलं, ते परक्या माणसासमोर तोंडातून निघून गेलं. "मला माहीत आहे. सगळ्या ऑफिसला माहीत होतं."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. आधी त्याला काही कळलंच नाही. मग कळलं तसे त्याचे कान लालबुंद झाले. तो पुन्हा वळसा घालून मागच्या बाजूला आला. खिशातला रुमाल काढून मशीनची पाठ खसाखसा पुसायला लागला. धुळीखालून निकेलचा पत्रा वर आला, चांगला चकचकीत.

"हा सांगायचा राहिला," तो दुकानदाराला म्हणाला. "बाकी कुठल्याच मशीनला नव्हता." मग एक स्टूल ओढून तो मशीनच्या पाठीसमोर बसला. "अगं, तू तिथेच थांब. माझ्या मागे."

"हे काय आता?"

"थांब तर खरं."

त्याने मान वर काढली. केस पांढरे झाले होते, पण मान तीच, तशीच ताणलेली. तिने चिडून समोर पाहिलं. पत्र्यात त्याचे डोळे होते, आणि ते तिच्याकडे बघत होते.

दुकानदार आतून काहीतरी आणायला निघून गेला.

"मागे वळून बघायची सोय नव्हती," नवरा पत्र्यातूनच बोलला. "हेडक्लार्क टपलेलाच असायचा. आणि तुझी नजर कायम कागदावर. पत्र्याला इथे पोचा आलाय, त्यामुळे नाक फार लांब दिसायचं तुझं. म्हटलं, असू दे."

तिने डोळे पुसले. तरी तिचं समाधान होईना. इतक्या वर्षांचा सल असा एका झटक्यात निघतो थोडाच!

"मग कुरळी जायची वाट कशाला बघितलीत? आधीच का नाही विचारलंत?"

"ती गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हे मशीन उचलून गोदामात टाकलं," तो म्हणाला. "मग तू दिसेनाशी झालीस."