अवतरणातला एन

"सही करा, मास्तर. सगळ्यांचा वेळ खाऊ नका," मॅनेजर म्हणाला. कंपनीचे मालक समोरच बसले होते.

मास्तरांनी कागद पुढे ओढला. पंचवीस वर्षं याच कंपनीत रुग्णालयाच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिलेला माणूस. निवृत्तीला दोन महिने उरलेले. कागदावर छापलं होतं, चूक सर्वस्वी माझी.

"नाही करणार ते सही!" ती दार ढकलून आत आली. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली, आता त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. "मालक, दहा मिनिटं द्या."

"सोड ना गं," मास्तर पुटपुटले. "दोन पोरी आहेत तुझ्या पदरात. कशाला वाकड्यात शिरतेस?"

"तुम्ही मध्ये बोलू नका."

गेल्या महिन्यात एका रुग्णालयात वीज गेली आणि सतरा नंबरच्या खाटेचं यंत्र बंद पडलं. नर्सच्या पडद्यावर इशारा आला, पण त्यात आकडाच नाही. नुसतं 'खाट एन'. ती बिचारी वॉर्डभर धावत सुटली. खाट सापडेस्तोवर पेशंटची शुद्ध हरपली होती. त्याने अजून डोळे उघडलेले नाहीत. आणि ती ओळ मास्तरांनी लिहिलेली.

पंधरा दिवस ती हात धुऊन या ओळीच्या मागे लागली होती. अडगळीतला जुना कंप्युटर झाडूनपुसून चालू केला होता. आता तिने दोन कागद टेबलावर आपटले, एक जुन्या कंप्युटरवरचा, एक नव्या.

"हा मॅक्रो. एकदा लिहून ठेवलेलं वाक्य समजा. एनच्या जागी खाटेचा आकडा भरायचा, बस्स. हे भरण्याचं काम प्रीप्रोसेसर करतो, कंपायलरने कोड वाचून यंत्राच्या भाषेत उतरवायच्या आधी. जुना प्रीप्रोसेसर अवतरणचिन्हांच्या आत घुसूनसुद्धा एन बदलायचा. बघा, खाट सतरा. नव्या कंपायलरबरोबर आलेला नवा अवतरणाच्या आतलं काही शिवत नाही. खाट एन."

"कोड तोच?" मालकांनी विचारलं.

"टिंबाचा फरक नाही. मास्तरांनी लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं."

"मग तपासणीत कसं सापडलं नाही?"

"तपासलं कुणी? बाकीचे इशारे वेगळ्या पद्धतीने लिहिलेले, ते ठीक चालले. हा फक्त वीज गेल्यावर येतो. कोड तोच आहे ना, मग कशाला बघायचं? असं म्हणून ढकललं पुढे."

मॅनेजर खेकसला, "म्हणजे कंपायलर बदलणं आता गुन्हा झाला?"

"न तपासता बदलणं, हो. गुन्हाच. तिकडे एक माणूस निपचित पडलाय, साहेब."

मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागला.

मालकांनी तो छापलेला कागद उचलला आणि टराटरा फाडला. "नवा कंपायलर कुणी लावला? नाव सांगा. नवा कागद त्याच्या नावाने निघेल. नोकरी तर जाईलच, पोलिसांतही तेच नाव जाईल."

"मीच लावला," मास्तर घाईघाईने म्हणाले. "मार्चमध्ये. म्हातारपण हो, डोक्यातून गेलं."

ती त्यांच्याकडे वळली. आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मार्चमध्ये तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होतात, मास्तर. तुमच्या खुर्चीत मी बसले होते."