न्यायला आलेली आई

सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिप्पींच्या त्या घराच्या दारात आई बॅग घेऊन उभी दिसली, आणि रोझलिनने मनाशी पक्कं केलं, काही झालं तरी ओहायोतल्या आपल्या गावी परत जायचं नाही. हेरॉइन सुटून तिला वर्ष होत आलं होतं. गावाच्या लेखी मात्र ती अजून नशेडीच होती. मागे एकदा ती घरी गेली, तेव्हा वडिलांनी तिला भरल्या ताटावरून उठवलं होतं आणि आई खाली मान घालून बटाटे वाढत राहिली होती.

“मला न्यायला आली असशील, तर उगाच आलीस,” रोझलिन म्हणाली.

“न्यायला नाही आले.” आईने पर्समधून गोळ्यांच्या बाटल्या काढल्या आणि पायरीवर मांडल्या. झोपायच्या, उठायच्या, दिवसभर हसतमुख राहायच्या. सगळ्या गावातल्या डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या. “यांच्याशिवाय मला आता उभंसुद्धा राहता येत नाही. तुझे बाबा म्हणतात, औषधच आहे ना, घेत जा.”

रोझलिनने एक बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

“तू सोडलंस, तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं गं?”

“इथल्या दवाखान्यातले डॉक्टर. आणि या घरातली पोरं. आळीपाळीने बसून असायची.”

“मग मला त्या डॉक्टरांकडे घेऊन चल,” आई म्हणाली. “आणि मी रडले, ओरडले, घरी जाते म्हणाले, तरी मला जाऊ देऊ नकोस.”