एक काना

‘थांबलो’ वाचायचे की ‘थांबले’, हे अजून ठरले नव्हते, आणि पूर्णिमाच्या आधी आता एकच कवी उरला होता.

फरक एका कान्याचा होता. काना ठेवला, तर कवितेत एक पुरुष एका बाईची वाट पाहत होता. काढला, तर तीच वाट एक बाई पाहत होती. जयसिंगपुरात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पूर्णिमाने आजवर छापलेल्या प्रत्येक प्रेमकवितेत तो काना जपला होता. दिवाळी अंकांचे संपादक त्याला ‘पुरुष निवेदकाचा धाडसी प्रयोग’ म्हणत. ती आक्षेप घेत नसे. धाडसाचा त्यात अंशही नव्हता. ते झाकण होते, आणि ते घट्ट बसले आहे की नाही, हे ती दर वेळी तपासून घेई. कविता छापायला देण्यापूर्वी ती आईला मोठ्याने वाचून दाखवी. आई, जिला सगळे आणि पूर्णिमाही आक्काच म्हणत, भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐके आणि शेवटी “बरी हाय” म्हणे. चाचणी पार पडली, असे पूर्णिमा समजे.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका कॅफेची ही वरची खोली. भिंतीवर सहा रंगांचे कापड, त्याखाली माईक, समोर दाटीवाटीने मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. समलिंगी प्रेमाच्या कवितांची संध्याकाळ होती. नागसेन नावाचा तरुण दूध संघात कामाला असलेल्या आपल्या मित्रावरची कविता संपवत होता आणि मागून कोणीतरी “नाद खुळा!” म्हणून शिट्टी मारत होते. टाळ्यांनी काही सिद्ध होत नाही, असे पूर्णिमाचे मत होते. टाळ्या वाजवणारे आपापल्या घरी जातात. आपल्यालाही मग आपल्याच घरी जावे लागते.

तिचे घर तर आज दुसऱ्या रांगेत येऊन बसले होते. आक्काचे डोळे तपासायला घरातल्या तिघी सकाळीच कोल्हापुरात आल्या होत्या. संध्याकाळी कवितावाचन आहे, तू पाहुण्यांकडे थांब, असे पूर्णिमाने सुचवून पाहिले. “का? मी बी येतो की,” आक्का म्हणाली होती. “कविता ऐकायला डोळं लागत्यात व्हय?” औषधाच्या थेंबांनी तिची नजर अंधूक झाली होती. काळा चष्मा लावून ती काठीवर हनुवटी टेकून बसली होती.

तिच्या शेजारी मोना होती. मोना मूळची नाशिकची, जयसिंगपुरात परिचारिका, आणि गावाच्या लेखी पूर्णिमाच्या माडीवरची भाडेकरू. सकाळी एसटीत तिने आवाज न चढवता सांगितले होते, “नाशिकच्या हॉस्पिटलला उद्या उत्तर द्यायचंय. आजही तू पुरुष होऊन वाचणार असशील, तर मी हो म्हणणार. भांडत नाहीये मी. दमलेय फक्त.”

पूर्णिमाही दमली होती. इतकी वर्षे एक काना उचलून धरायचा, म्हणजे हात भरून येणारच.

“आता जयसिंगपूरच्या म्याडम!” सूत्रसंचालक राजवर्धन ओरडला. “टाळ्या जोरात होऊ द्यात की, पावणं!”

ती माईकपुढे उभी राहिली. कागदावर ‘थांबलो’ छापलेले होते. तिने कागदाची घडी घातली.

“तू येशील म्हणून मी फाट्यावर थांबले.
एक गाडी गेली, दुसरी गेली, तरी थांबले.
तू उतरलीस, ओढणी झटकलीस,
म्हणालीस, कशाला थांबायचं?
हे विचारायला तू यावीस, म्हणून थांबले.”

कोसळल्यासारख्या टाळ्या पडल्या. पूर्णिमा त्या ऐकत नव्हती. ती काळ्या चष्म्याकडे पाहत होती. चष्म्यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नव्हता.

ती खाली येऊन बसली. मोनाने सगळ्यांदेखत तिचा हात धरला आणि सोडला नाही. आक्का थोडा वेळ काठीवर बोटे वाजवत राहिली.

“बरी हाय,” ती शेवटी म्हणाली. “पर आज त्ये ‘थांबले, थांबले’ काय गं? पुण्याच्या पावणीगत.”

“म्हणजे?”

“घरात वाचतीस तवा चांगलं ‘थांबलो’ म्हणतीस की. आपल्यातल्या बायका बोलत्यात तसं.”

पूर्णिमा तिच्याकडे वळली. “आक्का, ते ‘थांबलो’ कुणाचं वाटायचं तुला?”

“कुणाचं म्हंजे? तुझंच. हिची यष्टी ईपातुर फाट्यावर तूच उभी ऱ्हायाचीस, का दुसरं कोण? डोळं अधू झाल्यात माझं, कान न्हाईत. सकाळचं त्ये नाशिकचं बी आलंय कानावर. कुठं जाऊ नको म्हनावं तिला.”

वर्गात ती मुलांना सांगे, उत्तर जुळत नसेल तर आधी गृहीतक तपासा. झाकण आहे की नाही, हे ज्या घरात ती इतकी वर्षे तपासत राहिली, त्या घरात ते कधी बसलेच नव्हते. तिला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. वाटला तो नुसता शीण, ओझे उतरल्यावरच ज्याचे खरे वजन कळते तसला. मोनाने मान खाली घातली होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, हे सांगणे अवघड होते.

“चला, उठा आता दोघी,” आक्का काठी टेकत म्हणाली. “सकाळपासनं मी जेवलो न्हाय.”