खालचा थर

काकूच्या ग्लासात मीठ नेमकं कुठल्या थरात घालायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

"सगळ्यात वर," घरातल्या लेकीने, मिरचीने, मनात ठरवलं. पहिल्याच घासाला तोंड वाकडं झालं पाहिजे, आणि तेही सगळ्यांसमोर.

ओट्यावर कलिंगडाच्या साली, संत्र्याच्या बिया आणि द्राक्षांचे देठ पसरले होते. मिक्सरचं भांडं लाल झालं होतं, फरशी पायाला चिकटत होती. मिरचीला हे दिसतही नव्हतं. तिच्या डोक्यात कालची संध्याकाळ होती.

आईच्या शाळेतल्या मैत्रिणी दर सुट्टीत चार दिवस समुद्रावर जातात. आई आजवर एकदाही गेली नव्हती. या वर्षी तिने बॅग भरली होती, उद्याच्या साडेचारच्या बसमध्ये जागाही धरली होती. आणि काल सगळे गप्पा मारत बसले असताना काकू म्हणाली, "अगं, तू गेलीस तर आमचं कोण बघणार? आठ दिवसांसाठी तर येतो आम्ही. आणि मला बाई ताटात गरमच लागतं."

काका हसले. आत्या म्हणाली, "वहिनी, पुढच्या वर्षी जा की!" बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आई उठली. आत गेली आणि बॅग कपाटावर ठेवून आली.

"तू गप्प का बसतेस गं?" मिरचीने आत्ता परत विचारलं. "मी तुझ्या जागी असते ना, तर असं सुनावलं असतं!"

"जाऊ दे," आई म्हणाली. "सरक जरा. खालचा थर मी घालते. तो नीट गोठला नाही तर वरचं सगळं कोसळतं."

तिने नावांच्या पट्ट्या लावलेल्या पाच ग्लासांत काळ्या द्राक्षांचा रस ओतला, शाईसारखा गडद, आणि ग्लास फ्रीजरमध्ये ठेवले. मिरचीने तोवर पोहायला जाऊन यावं, असंही सांगितलं. ती आली तेव्हा रस दगड झाला होता. मग तिने त्यावर संत्र्याचा थर चढवला, तो धरल्यावर कलिंगडाचा. काकूच्या कलिंगडात तीन चमचे मीठ.

"नावांच्या पट्ट्या नीट चिकटवल्यास ना?" आईने विचारलं. "अदलाबदल व्हायला नको."

मिरची दचकली. आईने पाहिलं की काय? पण आई ओटा पुसत होती.

"आई, माझा पिवळा ड्रेस इस्त्री झाला?"

"झाला."

"आणि मिक्सर राहू दे गं, नंतर धू."

"बरं," आई म्हणाली. कधी नव्हे ते तिने खरंच तो तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आईचं डोकं दुखू लागलं. "मी पडते जरा. चारला तूच दे सगळ्यांना. आणि मला उठवू नका."

"पण ग्लास पाचच आहेत. तुझा?"

"मला नको."

चार वाजता पिवळ्या ड्रेसमधली मिरची ट्रे घेऊन अंगणात आली. लाल, केशरी, काळे, थंडगार ग्लास. टाळ्या पडल्या.

"पोरगी गुणाची हो!" काकूने मोठ्ठा चमचा तोंडात घातला. मग तिचे डोळे बाहेर आले. "अगं बाई, खारट! थू थू! साखर समजून मीठ घातलंस काय गं, गधडे?"

सगळे पोट धरून हसले. मिरचीने निरागस चेहरा केला. आत मात्र तिचं मन बागडत होतं. आई, बघ, घेतला तुझ्यासाठी सूड!

"वरचं काढून टाका ना, खाली गोड आहे," ती म्हणाली.

ऊन कडक होतं, तरी खालचा थर काही लवकर सुटेना. अर्धा तास सगळे चमच्याने टोचत बसले. शेवटी काकांच्या चमच्याला काहीतरी लागलं. प्लास्टिकच्या इवल्याशा पाकिटात घडी केलेली चिठ्ठी.

"अरे, बक्षीस!" काकांनी वाचलं. "'सकाळचा चहा. पाच कप, प्रत्येकाची साखर वेगळी.' हे काय?"

आत्याला निघालं, 'केर आणि फरशी. पलंगाखालीसुद्धा.' बाबांना, 'बाजार. पिशवी घरून नेणे.' काकूची चिठ्ठी सगळ्यात मोठी होती. 'दोन्ही वेळचा स्वयंपाक. सर्वांना ताटात गरम वाढणे. मी चार दिवसांनी येते.'

अक्षर आईचं होतं.

बाबा खोलीकडे धावले आणि तसेच परत आले. "पलंग आवरलेला आहे. कपाटावरची बॅग नाही."

"बस साडेचारला सुटते," आत्या पुटपुटली. घड्याळात पावणेपाच झाले होते.

मिरची खुर्चीवर चढून नाचायलाच लागली. "वा गं माझी आई! चांगली जिरली सगळ्यांची! कधी कुणी साधा कप तरी उचललात का तिच्यासाठी? भोगा आता!"

"फार नाचू नकोस," काकू म्हणाली. "तुझ्या ग्लासात काय आहे ते बघ आधी."

मिरचीला खात्रीच होती. या घरात आईच्या बाजूने होतं तरी कोण, तिच्याशिवाय? आईने तिच्यासाठी काहीतरी गोड लिहिलं असणार. तिने काळा बर्फ फोडला, पाकीट पिवळ्या ड्रेसला पुसलं आणि चिठ्ठी उघडली.

'भांडी. सुरुवात कालच्या मिक्सरपासून.'