तासभर तोंड बंद

साखरेचं इंजेक्शन टोचून नर्सनं बजावलं, "काका, आता तासभर तोंड बंद. बोललात तर घसा साखर ओढून घेईल आणि स्कॅनमध्ये चमकेल."

मी मान डोलावली. माझ्या फुप्फुसातल्या गाठीनं आपणहून मरावं म्हणून औषध चालू होतं. ती ऐकतेय का, ते आज कळणार होतं. जिवंत गाठ साखर खाते आणि चमकते, मरणारी विझत जाते. शेजारच्या खुर्चीत खाकी कपड्यातला एक एसटी कंडक्टर घाबरून बसला होता.

दुपारी डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला आत बोलावलं. "गाठ जवळजवळ विझलीय. औषध लागू पडतंय." मग पडद्यावर त्यांचं बोट वर सरकलं. "पण घशात हे नवीन काय पेटलंय?"

बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. "पसरलं का हो, डॉक्टर?"

मी छताकडे बघू लागलो.

तेवढ्यात दार ढकलून कंडक्टर आत डोकावला. "काका, तुमच्या गोष्टीतल्या त्या अस्वलानं शेवटी तिकीट काढलं का हो?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बोलत होतात?"

"लग्न झाल्यापासून," बायको म्हणाली आणि तिनं माझं मनगट सोडलं.