वैमानिकाची चूक

"नावाचं शुद्धलेखन तेवढं बघा, वहिनी," म्हणत निवृत्त कमांडरने छापील पान तिच्यापुढे सरकवलं. नौदलाच्या लढाऊ विमानांच्या ज्या तुकडीचा तो एकेकाळी प्रमुख होता, तिचा इतिहास तो लिहीत होता. वहिनींचा नवरा त्याच तुकडीत वैमानिक होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तुकडीचा जुना मेकॅनिक पिवळ्या पडलेल्या फोटोंतली माणसं ओळखत बसला होता.

नाव बरोबर होतं. त्याखाली एवढंच: 'उतरताना वैमानिकाच्या चुकीमुळे विमानाला थांबवणारा शेपटीचा हूक जहाजावरच्या तारेत अडकला नाही आणि विमान समुद्रात कोसळलं.'

तिने मान डोलावली. तीस वर्षं हेच ऐकत आली होती.

"बघू," म्हणत मेकॅनिकने पान ओढून घेतलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"साहेब, अजून हेच लिहिताय?"

"चौकशीत जे ठरलं ते लिहिलंय."

"चौकशीत मला बोलावलं होतं कुणी? हुकाला तडा होता. हे विमान उडवू नका म्हणून सकाळी तुमचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते मी. तुम्ही म्हणालात, पाहुणे आलेत, सगळी विमानं उडालीच पाहिजेत!"

कमांडर खिडकीकडे बघू लागला. "जुनी मढी उकरून आता काय मिळणार आहे?"

तिने टेबलावर हात आपटला. फोटो खाली सांडले.

"मढं कुणाला म्हणता?"

कमांडर फोटो उचलायला वाकला. मग ती मेकॅनिककडे वळली.

"आणि तुम्ही? घरी भेटायला आला होतात. समोर बसून चहा प्यायलात. तेव्हा काय दातखीळ बसली होती?"

"नोकरी होती, ताई. घरात खाणारी सहा तोंडं..."

"माझ्या घरातलं एक गेलं होतं."

मेकॅनिकने मान खाली घातली. तिने टेबलावरचं पेन उचलून त्याच्यापुढे टाकलं.

"लिहा. काय घडलं ते सगळं."

त्याने ती ओळ खोडली आणि समासात लिहायला लागला. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. तरी तो लिहीत राहिला.

"वहिनी, हे छापता येणार नाही," कमांडर म्हणाला.

"मुलाच्या हातून साधा पेला फुटला तरी मी म्हणायचे, बापावरच गेलास," ती म्हणाली. "हे कुठल्या पानावर छापाल?"